भिंतीवरची सोळा नावं



अमेरिकेतल्या कुठल्याही लहान गावातून गाडी नेताना एक इमारत हमखास दिसते. एकमजली, बुटकी, खिडक्या लहान, बाहेर झेंड्याचा उंच खांब, हिरवळीवर एखादी जुनी तोफ आणि रस्त्याकडे तोंड केलेली पाटी: ‘शुक्रवारी फिश फ्राय, बुधवारी बिंगो’. आपण देशी लोक तिच्यासमोरून वर्षानुवर्षं जातो. कॉस्टकोला जातो, देवळात जातो, मंडळाच्या गणपतीला जातो, पण तिथे आत पाऊल टाकत नाही. ते ‘त्यांचं’ ठिकाण, एवढंच डोक्यात असतं. ही इमारत म्हणजे अमेरिकन लीजनची किंवा व्हीएफडब्ल्यूची पोस्ट. सोप्या भाषेत, गावातल्या माजी सैनिकांचा क्लब.

या वेळी अशाच एका क्लबची गोष्ट सांगायची आहे, ओरेगनमधल्या हूड रिव्हर गावच्या. पोर्टलंडकडची मंडळी सफरचंदं आणि पेअर तोडायला तिकडे दर ऑक्टोबरला जातात, मुलांचे फोटो काढतात, सायडरचे डोनट खातात आणि परत येतात. गाव सुंदरच आहे. पण आधी हे क्लब म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडक्यात.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा वीसेक लाख अमेरिकन सैनिक युरोपात अडकून पडले होते. लढाई नाही, बोटीत जागा नाही, घरी जायची घाई. त्या काळात, १५ ते १७ मार्च १९१९ ला, पॅरिसमध्ये काही अधिकारी आणि शिपाई जमले आणि अमेरिकन लीजनची कल्पना मांडली. सप्टेंबर १९१९ मध्ये काँग्रेसने सनद दिली. व्हीएफडब्ल्यू त्याहून जुनी, १८९९ मधल्या संघटनांतून निघालेली, आणि तिची अट जास्त कडक: परदेशातल्या युद्धात जाऊन आलेलाच सभासद. लीजनला युद्धकाळातली नोकरी पुरते. दोन्हींचं जाळं गावोगाव. गावातला जो पोरगा युद्धात गेला त्याचं नाव पोस्टला द्यायची पद्धत, म्हणून पुष्कळ पोस्टांची नावं दोन-दोन आडनावांची असतात.

या लोकांनी कामंही मोठी केली. लीजनची शालेय मुलांसाठीची बेसबॉल स्पर्धा १९२५ साली साउथ डकोटातल्या मिलबँक नावाच्या चिमुकल्या गावात ठरली. आणि जीआय बिल! दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या लाखो पोरांना कॉलेज आणि घराचं कर्ज मिळवून देणारा हा कायदा. त्याचा पहिला मसुदा लीजनचे माजी राष्ट्रीय कमांडर हॅरी कॉलमेरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलच्या कागदांवर हाताने लिहून काढला. जून १९४४ मध्ये त्यावर सही झाली. अमेरिकेचा मध्यमवर्ग उभा करण्यात त्या हॉटेलच्या कागदांचा वाटा किती, यावर इथले प्रोफेसर अजून लिहीत असतात.

बाहेरच्या तोफेचीही एक गंमत आहे. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन तोफा, मशीनगन वगैरे सामान इतकं होतं की १९२४ साली काँग्रेसने ते राज्याराज्यांत वाटायला खास कायदा केला. ज्या राज्यातून जास्त लोक गेले त्याला जास्त वाटा, अगदी हिशोबाने. त्या तोफा गावच्या चौकांत आणि क्लबांच्या अंगणात बसल्या. आणि मग १९४२ मध्ये नवीन युद्धासाठी भंगार गोळा करायची मोहीम निघाली, तेव्हा यातल्या कितीतरी तोफा गावकऱ्यांनीच वाजतगाजत नेऊन भट्टीत घातल्या. आज जी तोफ दिसते ती बहुधा त्यानंतरची, सैन्याच्या कोठारातून मिळालेली. अंत्यविधीला झाडायच्या बंदुकासुद्धा क्लबच्या मालकीच्या नसतात. जुन्या एम-वन रायफली सैन्याकडून उसन्या, परत करायच्या बोलीवर. आणि बिगुल वाजवणारे इतके कमी झाले की २००३ पासून बिगुलाच्या तोंडात बसवायचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र सरकारने मंजूर केलं. बटण दाबायचं, बिगुल ओठाला लावून स्थिर उभं राहायचं, सूर आपोआप. आपल्यासारख्या इंजिनिअर लोकांना हे ऐकून आधी हसू येतं. स्मशानात प्रत्यक्ष ऐकलं की येत नाही.

मी स्वतः अशा हॉलमध्ये गेलो तो मुलामुळे. त्याच्या कब स्काउटच्या पॅकला आमच्या गावची लीजन पोस्ट जागा देते. तळघरात मुलांचा गोंधळ चालू, आणि पालक वर खुर्च्यांवर फोन बघत बसलेले. फोनची बॅटरी संपली की भिंती बघायच्या. तिथे काय नाही? माजी कमांडरांचे फ्रेम केलेले फोटो, एका ओळीत चाळीस, पन्नास. गंजकी हेल्मेटं. व्हिएटनाममधून आणलेला झिपो लायटर. एका कोपऱ्यात कोणीही कधी बसत नाही असं एका माणसाचं टेबल: पांढरा कपडा, उलटा ठेवलेला ग्लास, लिंबाची फोड, मीठ. युद्धात बेपत्ता झालेल्यांसाठी. आणि बारच्या वर काचेच्या चौकटीत एक पिवळट रेशमी झेंडा. मधे लाल गोल, आणि त्याच्याभोवती किरणांसारखी काळ्या शाईची अक्षरं.

मी बघतोय हे पाहून नेव्हीतले एक आजोबा जवळ आले. (वय नव्वदीच्या पुढे, हातात डाएट कोक, टोपीवर जहाजाचं नाव.)

“काय रे पोरा, तुला वाचता येतं का हे?”

“नाही हो. हे जपानी दिसतंय. मी इंडियाचा.”

“म्हटलं तुला येत असेल. इथे कुणालाच येत नाही. माझ्याआधीपासून लटकतोय तो.”

मला आधी गंमत वाटली, मग घरी येऊन शोधलं. जपानी पोरगा युद्धावर निघाला की घरचे, शेजारी, शाळेतले मास्तर, सगळे त्याच्या झेंड्यावर सह्या करायचे. तो झेंडा घडी करून गणवेशाच्या आत. तो मेल्यावर अमेरिकन शिपायाने तो आठवण म्हणून उचलायचा. म्हणजे बारच्या वर इतकी वर्षं लटकणारी ती ‘डिझाइन’ म्हणजे एका गावातल्या माणसांची नावं आहेत. ओरेगनच्याच ॲस्टोरिया गावातली ओबोन सोसायटी असे झेंडे गोळा करते, जपानी जाणकारांकडून नावं वाचून घेते, आणि त्या घरापर्यंत पोचवते. २०१५ साली, युद्ध संपल्याला सत्तर वर्षं झाली तेव्हा, त्यांनी सत्तर झेंडे टोकियोला नेले होते. पुष्कळ क्लबांनी आपल्या भिंतीवरचे झेंडे असे परत दिलेत. आमच्या क्लबात अजून चर्चा चालू आहे. एका गटाचं म्हणणं, ही आमच्या माणसाची आठवण आहे. दुसऱ्याचं म्हणणं, ती आधी त्यांची होती. दोन्ही बाजूंना मी तिऱ्हाईत, त्यामुळे गप्प बसतो. पण मनातून मी दुसऱ्या गटात आहे.

आता मुद्द्यावर येतो. युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात ही अक्षरं वाचणारे लोक होते. पकडलेले नकाशे, डायऱ्या, हुकूम वाचायला, कैद्यांशी बोलायला, खंदकासमोर जाऊन ‘शरण या’ म्हणून ओरडायला. हे लोक म्हणजे इथे स्थायिक झालेल्या जपानी लोकांची इथेच जन्मलेली मुलं. त्यांना निसेई म्हणतात, म्हणजे दुसरी पिढी. आपल्याकडे ज्यांना एबीसीडी म्हणून चिडवतात, तेच. मुलांची जपानी भाषा यथातथा, आईबापांच्या आग्रहामुळे शनिवारच्या शाळेत शिकलेली. (शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत मुलांना ओढत नेणाऱ्या आईबापांनी याची नोंद घ्यावी.) त्यांतला एक फ्रँक हाचिया. गाव हूड रिव्हर.

हूड रिव्हरच्या खोऱ्यात जपानी लोक आले ते १९००च्या सुमाराला. आधी रेल्वेवर आणि जंगलतोडीवर मजुरी. जमीनमालक झाडं तोडून द्या म्हणायचे आणि मजुरीच्या बदली थोडी पडीक जमीन द्यायचे. त्यावर यांनी स्ट्रॉबेरी आणि ॲस्परॅगस लावलं, सफरचंदं आणि पेअर लावले. मासुओ यासुई नावाच्या माणसाने भावाबरोबर गावात दुकान काढलं, हळूहळू बागांत भागीदारी केली, चर्चमध्ये गेला, रोटरीत गेला. पोरं शाळेत पहिली येऊ लागली. आणि मग व्हायचं तेच झालं. १९१९ साली गावात आशियाई लोकांच्या विरोधात संघटना निघाली. नव्याने निघालेली लीजनची पोस्टही त्याच सुरात. लीजनचे पुष्कळ सभासद बागाईतदारच होते, म्हणजे युद्धातली देशभक्ती आणि बाजारातली स्पर्धा एकाच माणसाच्या खिशात. १९२३ साली ओरेगनने कायदा केला: ज्याला नागरिक होता येत नाही त्याला जमीन घेता येणार नाही. जपानी माणसाला नागरिक होता येतच नव्हतं. मग लोकांनी जमिनी इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर केल्या.

तेच १९२३ साल आपल्यालाही माहीत असायला हवं. त्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंद ओरेगनच्या लाकूड गिरणीत काम करत, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेले, डोक्यावर फेटा, अंगावर अमेरिकन गणवेश. १९१८ साली नागरिकत्व मिळालं, चार दिवसांत काढून घेतलं. पुन्हा ओरेगनच्या कोर्टाने दिलं, पुन्हा सुप्रीम कोर्टाने काढलं. शेवटी मिळालं ते १९३६ साली, कारण १९३५ मध्ये काँग्रेसने खास कायदा केला की पहिल्या महायुद्धात लढलेल्या आशियाई माणसांना नागरिक होता येईल. या कायद्याच्या पाठीशी कोण उभं होतं? अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू! टोकुतारो स्लोकम नावाचा जपानी वंशाचा माजी सैनिक त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत होता आणि या संघटनांनी त्याला साथ दिली. म्हणजे ‘लीजन वंशद्वेषी’ असं एका वाक्यात म्हणून मोकळं होता येत नाही. गणवेश घातला की आपला, हा त्यांचा दावा होता, आणि काही वेळा त्यांनी तो पाळला.

हूड रिव्हरमध्ये नाही पाळला.

पर्ल हार्बरनंतर यासुईंना एफबीआयने उचललं. मे १९४२ मध्ये खोऱ्यातल्या चारशेहून जास्त जपानी माणसांना, म्हातारे, बायका, तान्ही मुलं धरून, हातात मावेल तेवढं सामान घेऊन स्टेशनवर हजर राहायला सांगितलं. गाडीच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. तिथून छावण्यांत, काटेरी तारांच्या आत. झाडाला फळ लागलेलं, आणि बागा शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडलेल्या. काही शेजाऱ्यांनी चोख हिशोब ठेवला, काहींनी त्या स्वतःच्याच समजल्या.

या काळात गावची मुलं युद्धावर जात होती. कौंटी कोर्टाच्या भिंतीवर लीजनने एक मोठा फलक उभा केला होता: हूड रिव्हरमधून सैन्यात गेलेल्या प्रत्येकाचं नाव. सोळाशेच्या आसपास नावं. त्यांत सोळा निसेई. २९ नोव्हेंबर १९४४ या दिवशी लीजनच्या पोस्टने ही सोळा नावं रंग फासून बुजवली.

हे त्या वेळी कुठे होते बघा. काही पॅसिफिकमध्ये, जपानी भाषा येते म्हणून. काही युरोपात, ४४२ व्या रेजिमेंटमध्ये. ही रेजिमेंट सगळी निसेई पोरांची. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, ऑक्टोबर १९४४ मध्ये, फ्रान्सच्या व्हॉज डोंगरात जर्मनांनी टेक्सासची एक बटालियन घेरली होती, तिला सोडवायला या रेजिमेंटला पाठवलं. दोनशे अकरा टेक्सन वाचले. त्या कामी ४४२ व्या रेजिमेंटची मेलेली आणि जखमी मिळून आठशेच्या आसपास माणसं गेली. या मुलांचे आईबाप त्या वेळी अमेरिकेच्याच छावणीत होते, आणि छावणीच्या मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याची बंदूक आतल्या बाजूला रोखलेली होती.

मग आत्ताच नावं का खोडायची? तारखा बघितल्या की उत्तर मिळतं. युद्ध जिंकत आलं होतं. छावण्या उघडणार, हे लोक परत येणार, अशी कुणकुण लागली होती. डिसेंबरमध्ये सैन्याने तसं जाहीरच केलं: २ जानेवारी १९४५ पासून परत जायला मोकळीक. परत आले की बाग परत मागणार. म्हणून क्लबने भिंतीवरची नावं पुसली आणि ठराव केला की यांनी परत येऊ नये. पुढचे दोन-तीन महिने गावच्या पेपरात पानभर जाहिराती येत होत्या, लीजनच्याच एका माजी कमांडरच्या पुढाकाराने: जपानी लोक हूड रिव्हरला नको आहेत. खाली सह्या करणाऱ्यांची नावं. शेकडो. एका भिंतीवरून सोळा नावं उतरली, आणि पेपरात ही शेकडो चढली. ते कागद अजून जपलेले आहेत. त्या आडनावांची कुटुंबं गावात अजून असणार, नातवंडांनी वाचली तर त्यांना काय वाटत असेल, असा विचार मनात येतो.

फ्रँक हाचिया त्या वेळी फिलिपिन्समधल्या लेते बेटावर होता. आई जपानमध्ये, वडील अमेरिकन छावणीत, आणि स्वतः अमेरिकन गणवेशात. याला काय म्हणायचं? ३० डिसेंबरला शत्रूच्या ठाण्यांची टेहळणी करताना त्याला गोळी लागली. ३ जानेवारी १९४५ ला तो मेला. मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. गावच्या भिंतीवर नाव नव्हतं.

बातमी बाहेर फुटली आणि देशभर गाजली. न्यूयॉर्क टाइम्सने हाचियावर अग्रलेख लिहिला. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी जाहीर नापसंती दाखवली. आघाडीवरच्या गोऱ्या सैनिकांची पत्रं येऊ लागली, यांच्याबरोबर आम्ही लढतोय, तुम्ही घरी बसून काय करताय? लीजनच्याच इतर गावच्या पोस्टांनी निषेध केला, आणि राष्ट्रीय कमांडरनेही नावं परत लावायला सांगितलं. शेवटी १९४५ च्या वसंतात ती परत रंगवली गेली. मला वाटतं ही पश्चात्तापाने झालेली गोष्ट नव्हती. वर्तमानपत्रांत छी-थू झाली म्हणून झाली. पण झाली, आणि त्यात दूरच्या अनोळखी सैनिकांच्या पत्रांचा मोठा हात होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. सैनिकांच्या क्लबला सैनिकांनीच जागेवर आणलं.

नावं परत लागली म्हणून गाव बदललं असं नाही. लढून परत आलेल्या पोरांना न्हाव्याने केस कापायला नकार दिला. दुकानांत किराणा मिळेना, फळं विकत घ्यायला कुणी तयार होईना. युद्धापूर्वीच्या लोकांपैकी निम्म्याहून कमी परत आले. गावचे मेथडिस्ट पाद्री शर्मन बर्गॉइन उघडपणे या लोकांच्या बाजूने उभे राहिले, काही शेजारीही राहिले, गुपचूप वाणसामान आणून देणारे. बर्गॉइन यांना १९४७ साली राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. चर्चने त्यांची बदली मात्र एका आडगावी केली. (बदली हे शस्त्र सगळ्या देशांत सारखंच चालतं.)

१९४८ साली हाचियाचं शव घरी आलं. हूड रिव्हरच्या आयडलवाइल्ड स्मशानात त्याला पुरलं. आता मॉन्टेरेच्या सैनिकी भाषाशाळेत एका इमारतीला त्याचं नाव आहे. जमिनीचा तो कायदा ओरेगनच्या सुप्रीम कोर्टाने १९४९ साली रद्द केला, आणि यासुईंच्या पिढीला नागरिक होण्याचा हक्क १९५२ मध्ये मिळाला. यासुईंचा मुलगा मिनोरू हा वकील आणि राखीव दलातला लेफ्टनंट. युद्ध सुरू झाल्यावर स्वतःहून हजर झाला तर सैन्याने घेतलं नाही. मग २८ मार्च १९४२ च्या रात्री फक्त जपानी वंशाच्या लोकांसाठी असलेली संचारबंदी त्याने पोर्टलंडमध्ये मुद्दाम मोडली. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तो हरला. नऊ महिने एकांतकोठडीत काढले. २०१५ साली, तो जाऊन जवळजवळ तीस वर्षांनी, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. आणि त्या सोळा जणांनी काय केलं? बहुतेकांनी काहीच बोललं नाही. बागा केल्या, मुलं शिकवली. त्यांना बोलतं केलं ते लिंडा तामुरा या हूड रिव्हरच्याच मुलीने, जी पुढे प्राध्यापक झाली. तिचं निसेई सैनिकांवरचं पुस्तक २०१२ साली आलं. तोवर साठ-पासष्ट वर्षं गेली होती.

हे मला का लागलं, तर एक साधं कारण आहे. २००९ ते २०१६ या काळात अमेरिकन सैन्याने ग्रीन कार्ड नसलेल्या लोकांनाही भाषा येते म्हणून भरती करून नागरिकत्व दिलं, त्यांत भारतीय पोरं होती. इथे जन्मलेली आपली मुलं तर आता सगळीकडेच आहेत, वेस्ट पॉइंटला, नेव्हीत. उद्या एखाद्या गावच्या फलकावर कुलकर्णी किंवा शिंदे लिहिलेलं असेल. आणि जगात काय होईल, कोणाचं कोणाशी बिनसेल, ते कुणी सांगावं?

क्लब मात्र आटत चाललेत. १९४६ साली लीजनचे तेहतीस लाख सभासद होते, आता त्याच्या निम्म्याच्या आसपास. व्हिएटनामच्या पोरांना जुन्या लोकांनी नीट आत घेतलं नाही, त्यांनी १९७८ मध्ये स्वतःची वेगळी संघटना काढली. इराक-अफगाणिस्तानातून आलेल्यांना बिंगोत रस नाही. हॉल विकले जातात, आणि भिंतीवरचं सामान कुणाच्यातरी गराजमध्ये जातं. तेव्हा जवळच्या क्लबात एकदा जाऊन या. फिश फ्रायला बाहेरचे लोक चालतात. शाकाहारी मंडळींना फ्राइजवर भागवावं लागेल :-)

हे सगळं वाचताना मला आपल्याकडची एक भिंत आठवत होती. सातारा, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांत पुष्कळ गावांच्या चावडीत किंवा शाळेत एक संगमरवरी पाटी असते, इंग्रजांनी बसवलेली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी मेली. बस. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले सेहेचाळीस जण मेले, म्हणून ते गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखलं जातं. आकडा सगळ्यांना पाठ. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी १४७ दिवस अडकून शेवटी एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या. तिकडे मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं, १९२९ साली. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे, आणि हिंदी शिपायांच्या जागी पलटणीगणिक फक्त आकडा. आपली नावं कुणी खोडली नाहीत, कारण ती लिहिलीच नव्हती. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून ही गोष्ट कबूल केली.

पण कागदोपत्री नावं आहेत. त्या कमिशनच्या वेबसाइटवर शोध घेता येतो. काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं आहे. पलटणीचं नाव घालताना ‘महराट्टा’ असं जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा. आडनावावर विसंबू नका. एकाच जाधवांची तीन-चार स्पेलिंगं सापडतील, आणि पुष्कळांना आडनावच दिलेलं नाही, नुसतं पहिलं नाव आणि बापाचं नाव. गावाचं नाव कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून दोन-चार प्रकारे घालून बघा.

माझ्या आजोळच्या गावच्या पाटीवर तीन मेल्याचं लिहिलंय. दोन सापडले. एक बसऱ्याचा, आणि त्याच्या बापाचं नाव गावात अजून चालू असलेल्या घराचं आहे. मामांना फोन केला तर म्हणाले, त्या घरात कुणाला ठाऊकही नाही, जाऊन सांगतो. तिसरा अजून सापडत नाही. कुणाला या कामाचा अनुभव असेल तर कळवा, पाटीचा फोटो पाठवतो.